निळ्या बुडाचं काडतूस

गोळी आत गेली पाहिजे आणि आतच राहिली पाहिजे, असं माझं मत. एल्डनचं मत असं की गोळीने इकडून आत जावं, तिकडून बाहेर पडावं आणि दोन्हीकडे सुई जाईल एवढंच भोक ठेवावं. या एका गोष्टीवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी त्याच्या आईवरून आणि माझ्या भावावरून मिळूनही झाली नसतील. बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण हिवाळाभर कायोटी मारून त्यांची कातडी वाळवणाऱ्या नवराबायकोने भांडायचं तरी दुसऱ्या कशावरून?

कायोटी म्हणजे लांडग्याचा धाकटा भाऊ. अंगाने लहान, अकलेने मोठा. कोकरं आणि नवी वासरं पळवतो म्हणून इथले सगळे मेंढपाळ त्याच्या नावाने बोटं मोडतात. ऐन थंडीत त्याची लव अशी दाट होते की फुंकर मारली तरी खालचं कातडं दिसत नाही. त्याच दिवसांत तो मारायचा आणि मारताना कातडं जपायचं. मोठ्या भोकाचं कातडं व्यापारी उलटसुलट करून बघतो, तोंड वाकडं करतो आणि बाजूच्या ढिगात फेकतो. एल्डनला त्या ढिगाची फार लाज वाटे. भोक लहान असलं तर तो आतल्या बाजूने मेणाच्या दोऱ्याने असं शिवायचा की वरून कोणी शोधून दाखवावं. मिझुरी नदीच्या या काठावर त्याच्यासारखा टाका कोणाचा नाही, हे तो स्वतः सांगायचा आणि ते खरंही होतं.

आमच्या दोघांच्या रायफली सारख्याच, बावीस बोअरच्या. काडतुसंही आम्ही घरीच भरतो, एकाच बाकावर, बंदुकीच्या दारूच्या एकाच डब्यातून. फरक फक्त गोळीचा. माझी हलकी, पातळ तांब्याची, टोकाला पोकळ. ती बरगड्यांतून आत गेली की आतल्या आत भुगा होते आणि पलीकडून काहीच बाहेर येत नाही. तिचा दोष एकच. खांद्याच्या हाडावर बसली तर वरच फुटते आणि मूठ जाईल एवढं भगदाड पाडते. एल्डनची गोळी भरीव, जाड कवचाची. ती फुटत नाही, आरपार जाते आणि पुढे आणखी कुठे जाईल ते तिलाच ठाऊक. गोंधळ नको म्हणून माझ्या काडतुसांच्या बुडाला मी नखांचा लाल रंग लावते. तो निळा लावतो.

माझा हट्ट नुसता कातड्यासाठी नव्हता. आमच्याकडे मस्टर्ड होता.

मस्टर्ड म्हणजे आमचा पिवळा कुत्रा. अशा कुत्र्याचं काम वेगळंच असतं. कायोटी लांब दिसला की कुत्रा त्याच्याकडे जातो, त्याला डिवचतो आणि पाठ दाखवून पळत सुटतो. आपल्या मुलखात परका कुत्रा बघून कायोटीचं डोकं फिरतं, तो मागे लागतो आणि कुत्रा त्याला थेट बंदुकीसमोर आणून उभा करतो. त्या वेळी दोघांमध्ये कधी कधी हातभराचंही अंतर नसतं. अशा वेळी आरपार जाणारी गोळी कोणी झाडत नाही. मस्टर्ड बरोबर असला की दोघांच्याही रायफलीत लाल काडतुसं, हा आमच्या घरातला एकुलता एक बिनभांडणाचा नियम होता.

आणि मस्टर्ड होता एल्डनचा. छातीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एल्डनला रोज चालायला सांगितलं. मी सांगितलं. मुलीने फोनवर रडून सांगितलं. हा आपला खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायचा. शेवटी त्याला चालवलं ते मस्टर्डने. सकाळ झाली की बूट तोंडात धरून समोर उभा राहायचा आणि हा उठेपर्यंत हलायचा नाही. माझ्याशी दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस त्या कुत्र्याशी तासन्‌तास गप्पा मारायचा. मला राग यायचा, पण कुत्र्याचे उपकारही वाटायचे.

त्या हिवाळ्यात पिठ्या दिसायला लागला. मोठा नर कायोटी आणि रंग असा फिकट की पिठात लोळून आलाय असं वाटावं. एल्डनने जन्मात तसं कातडं पाहिलं नव्हतं. तो झोपेतसुद्धा पिठ्याबद्दल बोलायचा. नेमकं त्याच आठवड्यात माझी एक गोळी एका सुंदर मादीच्या खांद्यावर बसली आणि कातड्याला भगदाड पडलं.

"वा! आता याची टोपी कर," एल्डन म्हणाला. "भोकातून डोकं बाहेर काढता येईल."

"तुझ्या डोक्याला ते पुरायचं नाही," मी म्हणाले.

"पिठ्यावर अशी झाडलीस ना रोवेना, तर मी तुला घरात घेणार नाही."

"घर माझ्या बापाचं आहे, म्हाताऱ्या."

तो हसला, पण मनातून हसला नाही. मला ते तेव्हा कळायला हवं होतं.

मस्टर्डच्या पुढच्या पंजाला बर्फाच्या कडेने चीर गेली होती. त्यामुळे त्या सकाळी कुत्रा न्यायचा नाही, असं एल्डन म्हणाला आणि मी हो म्हटलं. न्याहारीला मी जाड धिरडी आणि हरणाचे सॉसेज केले होते. काडतुसांनी भरलेलं माझ्या रायफलीचं मॅगझिन नेहमीप्रमाणे खिडकीच्या फळीवर ठेवलेलं होतं. कोंबड्यांच्या पाण्यावरचा बर्फ फोडायला मी बाहेर गेले, तेवढ्यात एल्डनने ते मॅगझिन उचललं, त्यातली माझी लाल काडतुसं काढून घेतली आणि आपली निळी भरून पुन्हा होतं तिथे ठेवून दिलं. मला हे नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कुत्रा घरी राहणार, पिठ्या आला तर बायकोच्या हातून कातडं खराब व्हायला नको, एवढाच त्याचा हिशोब. पण हिशोब बायकोला सांगायचा असतो, ही गोष्ट या माणसाला लग्नापासून जमलेली नाही.

मी परत आले तर मस्टर्ड ट्रकमध्ये चढून बसलेला. मी खाली उतरवला की पुन्हा वर.

"राहू दे की, ट्रकमध्येच बसेल," मी म्हणाले. "घरी एकटा ठेवला तर दार खाऊन टाकेल."

एल्डनने मस्टर्डचा चिरलेला पंजा उचलून पाहिला. "ट्रकमधून बाहेर नाही यायचा," तो म्हणाला.

"नाही येणार."

"काचा लाव नीट."

"लावते रे बाबा. पंजा काय तुझा आहे का?"

तेव्हाच सांगितलं असतं, तर मला मॅगझिनमधली काडतुसं बदलायला किती वेळ लागला असता? पण मग कबूल करावं लागलं असतं. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

घळीच्या अलीकडे आम्ही ट्रक लावला, काचा वर केल्या आणि चालत निघालो. अजून धड उजाडलं नव्हतं. हातमोजे न काढताच मी मॅगझिन रायफलीत बसवलं, बोल्टचा दांडा मागेपुढे केला आणि काडतूस नळीत सरकवलं. रोज करते तेच. बूड बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी उतारावर झुडपाला पाठ लावून बसले. समोर बशीसारखा सपाट भाग होता आणि त्याच्या पलीकडे मातीचा चढ. एल्डन डावीकडे लांब, टेकाडाआड बसला. कायोटी आवाज ऐकून सरळ येत नाही, फेरा मारून वास घेत येतो, म्हणून एकाने वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं असतं. वारा माझ्याकडून त्याच्याकडे वाहत होता. माझं बोलणं त्याला ऐकू गेलं असतं, त्याचं मला नाही.

त्याने पिपाणी वाजवली. घारीने पकडलेला ससा ओरडतो तसा तो आवाज. इतकी वर्षं ऐकतेय, तरी कान झाकावेसे वाटतात. थांबला. पुन्हा वाजवली. मग पलीकडच्या चढावर काहीतरी हललं.

पिठ्याच होता. बरोबर त्याची मादी. उन्हाची पहिली तिरीप त्याच्या पाठीवर पडली आणि मी श्वास घ्यायचा विसरले. दोघं चढाच्या कडेवर थांबले, नाकं वर करून. फार लांब होते. मी रायफल हळूच खांद्याला लावली. अजून थोडं खाली ये, मी मनात म्हणत होते, अजून थोडं.

आणि माझ्या उजवीकडून पिवळं काहीतरी सुसाट गेलं.

आमच्या ट्रकला मागच्या बाजूला सरकती काच आहे. बाजूच्या काचा मी लावल्या होत्या, मागची खिटी कोणी बघितली? सशाचा आवाज झाला आणि मस्टर्डने आपलं काम ओळखलं. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं. आता हा पिठ्याला खाली आणणार. माझ्या रायफलीत लाल काडतुसं आहेत, काळजी कसली?

टेकाडाआडून एल्डनलाही तो दिसला. माझ्या रायफलीत काय आहे ते जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

मस्टर्ड नेहमीसारखा गेला, पिठ्याच्या तोंडापुढे एक फेरी मारली आणि वळून पळाला. दोघंही त्याच्या मागे. अर्ध्या वाटेत त्याचा पंजा फाटला असावा. एकदम लंगडला. बर्फावर लाल ठिपके दिसायला लागले. मादीने त्याला मागून ओढलं, तो गरकन फिरला, एका झुडपाला पाठ लावून उभा राहिला, आणि पिठ्याने त्याचा खांदा धरला.

रायफलीवरच्या दुर्बिणीत मला पिठ्याची पूर्ण कूस दिसत होती, अगदी चित्रात काढल्यासारखी. त्याच्या बरोबर मागे मस्टर्डची पिवळी छाती. भरीव गोळी असती तर मी स्वप्नातही झाडली नसती. पण माझी हलकी आहे, पिठ्याच्या आतच विरेल, मस्टर्डला ओरखडाही येणार नाही, असं मी धरून चालले होते. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि बोट चापावर ठेवलं.

मस्टर्ड किंचाळला. मला नेम स्थिर करता येईना. दोघं एकमेकांना ओढत होते, पिठ्याची कूस समोर यायची आणि फिरायची. थांब, थांब, नीट उभा राहा मेल्या. माझ्या तोंडातून वाफ येत होती आणि काच धूसर होत होती. मी श्वास रोखला.

तिकडे एल्डन ओरडत होता, हे त्याने मला नंतर सांगितलं. घसा फाटेपर्यंत ओरडला. वाऱ्याने सगळं त्याच्याच तोंडात परत कोंबलं. हवेत बार काढावा म्हटलं तर तेही नाही. आमच्यात एकाचा बार झाला की दुसऱ्याने क्षणभरही थांबायचं नाही, लगेच झाडायचं, असा शिरस्ता. त्याने बार काढला असता तर तोच माझ्यासाठी इशारा ठरला असता. म्हणून त्याने रायफल खाली टाकली आणि धावत सुटला.

पिठ्या थांबला. मस्टर्डचा खांदा दातांत धरून, पाय रोवून, पूर्ण आडवा. आता. मी चाप ओढायला लागले. आमच्या रायफलींचा चाप आधी थोडा सैल येतो आणि मग अडतो. तो सैल भाग संपला. पुढे केसभर ओढ राहिली होती.

दुर्बिणीच्या वरच्या कडेला तपकिरी कापड आलं.

मला कळेचना की हे काय. पिठ्याच्या पाठीवर कापड कसं? मग ते कापड खाली आलं, त्याला गुडघे फुटले, आणि ते गुडघे मी ओळखले, कारण डाव्या गुडघ्यावरचं ठिगळ मीच लावलं होतं. एल्डन टेकाडामागून वळसा घालून पलीकडच्या चढावरून घसरत खाली आला होता आणि मस्टर्डच्या बरोबर मागे, माझ्या नळीच्या सरळ रेषेत, दोन्ही हात वर करून उभा होता. जो माणूस शिकारीला बसला की खोकलासुद्धा गिळतो, तो.

मागे माणूस असेल तर बंदूक झाडायची नाही, हे मला माझ्या बापाने बंदूक हातात देण्याआधी शिकवलं. गोळी हलकी असो, भरीव असो, काहीही असो. माझं बोट चापावरून सुटलं नाही, ते मी उपटून काढल्यासारखं काढलं. रायफल बर्फात टेकवली.

पिठ्याने मान वळवली आणि माणूस पाहिला. त्याने मस्टर्डला सोडलं. मग तो आणि मादी चढ चढून गेले, घाईसुद्धा न करता. कडेवर पिठ्या एकदा थांबला. मी बघत राहिले. तसं कातडं आम्हाला पुन्हा दिसलं नाही.

मी उठून चालायला लागले आणि चालता चालता शिव्या देत होते. आयुष्यात वापरल्या नव्हत्या अशा शिव्या मला येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"वेडा झालास का? माझ्या नेमात येऊन उभा राहतोस? मी ओढला होता चाप! ऐकतोयस का, ओढला होता!"

एल्डन बर्फात बसला होता. चेहरा पांढराफटक, एक हात छातीवर, दुसऱ्या हाताने मस्टर्डला कवटाळलेलं. त्याला बोलायला श्वास नव्हता. त्याने नुसतं माझ्या रायफलीकडे बोट केलं.

"काय?"

"बोल्ट," तो म्हणाला. "उघड."

मी बोल्ट मागे ओढला. काडतूस उडून माझ्या बुटापाशी पडलं. मी ते उचललं आणि त्याचं बूड बघितलं.

निळं.

मी दुसरं काढलं. तेही निळं. मग मी जिथून आले होते तिकडे वळून बघितलं, माझं झुडूप, मधला बर्फ, पिठ्याच्या पायांनी तुडवलेली जागा, मस्टर्ड, आणि मस्टर्डच्या मागे एल्डन. सगळे एका ओळीत. ही गोळी पिठ्यात थांबली नसती. मस्टर्डमध्येही थांबली नसती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले. "तुला माहीत होतं की ही आरपार जाते. आणि तू मागे येऊन उभा राहिलास."

"कुत्रा मागे असला तरी तू झाडणार होतीस," तो म्हणाला. "माणूस मागे असला तर नाही झाडणार."

"आणि झाडली असती तर?"

तो मस्टर्डच्या कानापाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत राहिला. मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, जोरात. मग तिथेच बर्फात बसले आणि रडले. लपवलं नाही. थोड्या वेळाने त्याचा हात माझ्या पाठीवर आला.

वाऱ्याने मोठा रस्ता बर्फाखाली गेला होता, जनावरांच्या डॉक्टरकडे पोचणं शक्य नव्हतं. आम्ही मस्टर्डला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. न्याहारीच्या ताटल्या मी तशाच बाजूला ढकलल्या. खांद्यावर हाताएवढी जखम होती, पण हाड शाबूत होतं. एल्डनने जखम धुतली, कातडी शिवायची बाकदार सुई उकळत्या पाण्यातून काढली, मेणाचा दोरा ओवला. मी मस्टर्डचं डोकं छातीशी धरून बसले. निळ्या बुडाचं ते काडतूस मी टेबलावर, त्याला दिसेल असं उभं करून ठेवलं होतं. तो त्याच्याकडे बघत नव्हता आणि ते तिथे आहे हे विसरतही नव्हता.

एल्डनचे टाके मी हजारदा पाहिलेत. सरळ, बारीक, एकसारखे. त्या दिवशी पहिलाच टाका तिरका गेला, दुसरा त्याहून तिरका. मस्टर्ड कण्हला की त्याचा हात थांबायचा. कपाळावर घाम आला होता, चष्म्यावर थेंब पडत होते. ते घामाचेच होते असं मी त्याच्या वतीने सांगेन.

शेवटचा टाका घालून त्याने दोरा दातांनी तोडला. लव कापलेल्या त्या पिवळ्या खांद्यावर वेडीवाकडी, जाड शिवण. लहान पोरानेही बरी घातली असती.

"दिसतात टाके," मी म्हणाले.

"दिसू देत," एल्डन म्हणाला.